पाण्यात बुडवलेला विस्तव : लातूरच्या न्हाणीतील ‘रॉड’चा इतिहास

दिवाळी सरून पहाटे गारठा पडू लागला, की लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरातील विजेच्या सामानाच्या दुकानांपुढे एक वस्तू हारीने टांगलेली दिसू लागते : पाणी तापवायचा रॉड. वेटोळे घातलेली चकचकीत नळी, वर काळी मूठ, तीन पिनांची वायर. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले-मुली भाड्याच्या खोलीत राहू लागतात, तेव्हा गादी, बादली आणि टेबलफॅन यांच्या पाठोपाठ येणारी ही खरेदी. अनेक वसतिगृहांत रॉडला बंदी असते. म्हणून तो पलंगाखालच्या पेटीत असतो.

इतिहासाच्या पुस्तकात रॉडला जागा मिळालेली नाही. धरणे, साखर कारखाने, रेल्वे यांचा इतिहास लिहिला जातो; न्हाणीघराचा लिहिला जात नाही. वास्तविक पाहता पाण्यात वीज सोडून, ती पाण्याला न लागता तिची फक्त ऊब पाण्याला द्यायची, ही विसाव्या शतकातील अत्यंत अवघड गोष्टींपैकी एक होती. ती साधली कशी, आणि साधल्यानंतर मराठवाड्यापर्यंतच्या प्रवासात तिच्यातले नेमके काय गळून पडले, हा या थ्रेडचा विषय.

प्रारंभ चुलीपासून करावा लागतो. मराठवाड्यातील घरात अंघोळीचे पाणी चुलवणावरच्या हंड्यात तापे आणि घंगाळात विसणले जाई. सरपण म्हणजे शेतात जे उरेल ते : तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. जंगल दूर आणि लाकूड महाग, त्यामुळे तुरीचे रान हेच अर्ध्या गावाचे इंधनाचे कोठार. ऐपतदार घरांत तांब्याचा बंब असे. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असे मानले जाते. मूळ अर्थ पाणी खेचण्याच्या यंत्राचा, म्हणूनच आगीचा बंब आणि अंघोळीचा बंब या दोन्ही वस्तू मराठीत एकाच नावाने नांदतात. बंबाची रचना पाहण्याजोगी आहे. मधोमध उभी नळी, तीत निखारे, नळीभोवती पाणी. म्हणजे आग पाण्याच्या पोटात आहे, पण धातूच्या एका पत्र्याने तिच्यापासून वेगळी केलेली आहे. पत्रा फुटला तर विस्तव विझतो, एवढाच धोका. विजेच्या रॉडची कल्पना तंतोतंत हीच आहे. फक्त तिथे पत्रा फुटला तर विझतो तो माणूस.

१९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी कुर्डुवाडीहून लातूरला पोहोचली आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानातील हे गाव मोठी व्यापारपेठ बनले. वीज मात्र रेल्वेइतकी तत्पर नव्हती. तिकडे मुंबईसाठी खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. हैदराबाद शहरासाठी हुसेनसागराच्या काठी औष्णिक केंद्र १९२० मध्ये उभे राहिले. संस्थानाचे मराठी जिल्हे या दोन्ही उजेडांच्या मधल्या अंधारात राहिले. १९४८ चा सप्टेंबर, मग १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य, मग १९६० चा महाराष्ट्र अशी राजकीय स्थित्यंतरे झाली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६९ मध्ये केंद्राचे ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आले, आणि १९७१ मध्ये शेजारच्या परळीत औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. या क्रमातली एक बाब महत्त्वाची. खेड्यात वीज आली ती प्रामुख्याने विहिरीवरच्या मोटारीसाठी. घरातला दिवा तिच्यामागून आला, आणि न्हाणीचा तर कोणी विचारही केला नव्हता. दगड-मातीच्या जाड भिंतींवर लाकडी पट्टी ठोकून दोन वायरी ओढल्या, एक बल्ब लटकला, की घराचे विद्युतीकरण पूर्ण झाले. दोन वायरी. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता रॉडकडे. तारेतून वीज गेली की तार तापते, आणि ती किती तापते याचा नियम जेम्स जूल याने १८४० च्या सुमारास मांडला : उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नियम हाती होता, पण तार नव्हती. लोखंडाची तार लाल झाली की हवेतल्या प्राणवायूने गंजून तुटे. प्लॅटिनमची टिके, पण ती परवडणार कोणाला? १९०५ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू केला, सुमारे ८० भाग निकेल व २० भाग क्रोमियम, आणि १९०६ मध्ये त्याला पेटंट मिळाले. या ‘नायक्रोम’ची खुबी अशी, की तापल्यावर तिच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. इस्त्री, टोस्टर, शेगडी ही सगळी एका मिश्रधातूची लेकरे. भाजलेल्या मातीच्या चकतीत नायक्रोमचे उघडे वेटोळे बसवलेली शेगडी लातूरच्या खोल्यांतून अद्याप पूर्णपणे हद्दपार झालेली नाही.

उघडे वेटोळे हवेत चालते, पाण्यात चालत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार विजेचे वाहक असतात. वसतिगृहांच्या दंतकथांत दोन ब्लेडांचा जो जुगाड येतो, त्यात नेमके हेच घडते : तार तापत नाही, पाण्यातूनच वीज वाहते आणि पाणीच तापते. त्या बादलीतले पाणी म्हणजे उघडी वायर. तिला ‘स्वस्त रॉड’ म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला. रॉडचा शोध लागला तो मुळात हे टाळण्यासाठी.

खरी कोंडी अशी होती. तार आणि पाणी यांच्यामध्ये असा पदार्थ हवा, जो उष्णता जाऊ देईल पण वीज जाऊ देणार नाही. निसर्गात या दोन गुणांची बहुधा फारकत असते. तांबे दोन्ही जाऊ देते; रबर, लाकूड, अभ्रक दोन्ही अडवतात किंवा उष्णतेला फारच हळू वाट देतात. मॅग्नेशियम ऑक्साइड ही पांढरी भुकटी अपवाद आहे. धातूच्या नळीत मधोमध नायक्रोमचे वेटोळे ठेवायचे, भोवती ही भुकटी ठासून भरायची, आणि मग नळी बाहेरून दाबून बारीक करायची, म्हणजे भुकटी दगडासारखी घट्ट होते आणि तिच्यातली हवा निघून जाते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘कॅलरॉड’ या नावाने हे तंत्र प्रसिद्धीस आणले. आजचा गीझर, विजेची किटली आणि लातूरचा रॉड यांच्या पोटात तेच आहे.

त्या भुकटीला एक खोड आहे, आणि पुढची सारी कहाणी त्या खोडीभोवती फिरते. मॅग्नेशियम ऑक्साइड ओल शोषते. कोरडी असेतो ती विजेला भिंतीसारखी अडवते. दमट झाली की भिंतीला पाझर फुटतो. नळीचे अंग अखंड असते, पण वायर जोडण्यासाठी तिची दोन टोके उघडी ठेवावीच लागतात. म्हणून टोकांशी चिनी मातीचा किंवा रबराचा मणी आणि वर सिलिकोन वा इपॉक्सीचा लेप देऊन ती बंद करतात. रॉडच्या वरच्या मुठीत जे दडलेले असते ते हे. पाणी अंगाला लागले तर बिघडत नाही, मुठीत शिरले तर घात होतो. ‘इथपर्यंतच बुडवा’ अशी खूण नळीवर असते ती त्यासाठी. आणि ‘किमान इथपर्यंत बुडवाच’ ही दुसरी खूण नळी कोरडी तापून फुटू नये म्हणून. दोन रेघांच्या मधले चार बोटांचे अंतर हा त्या यंत्राचा सगळा करार आहे.

भारतात या कराराला सरकारी शिक्का मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. १९४७ च्या जानेवारीत भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९५२ मध्ये तिच्या चिन्हाचा कायदा झाला, आणि पाण्यात बुडवायच्या हीटरसाठी ‘आयएस ३६८’ हे मानक आले. ‘आयएसआय’ ही तीन अक्षरे घराघरांत पोहोचली त्यात अशा वस्तूंचा वाटा मोठा. पुढे २००३ च्या आदेशाने विजेच्या अनेक घरगुती उपकरणांवर हे चिन्ह सक्तीचे झाले. तरीही आठवडी बाजारात बिनशिक्क्याचा रॉड मिळतो, आणि तो घेणारा मूर्ख असतो असे नव्हे. दोन रॉड शेजारी ठेवले तर बाहेरून त्यांच्यात फरक दिसत नाही. फरक मुठीच्या आत असतो.

आता त्या दोन वायरी. रॉडला तीन असतात : फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. तिसरी वायर नळीच्या धातूला जोडलेली असते, म्हणजे आतून वीज पाझरली तर तिला माणसापेक्षा सोपी वाट मिळावी. प्लगची वरची जाड पिन इतर दोहोंपेक्षा लांबही असते. हे ओबडधोबड दिसणारे डिझाइन १९३० च्या दशकातील ब्रिटिश मानकातून आपल्याकडे आले आणि त्यामागे शहाणपण आहे : लावताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे, काढताना सर्वांत शेवटी सुटावे. परंतु पट्टीवरून दोनच वायरी आलेल्या घरात त्या जाड पिनेच्या भोकामागे काही नसते. भोक असते, पितळही असते, वायर नसते. साधारण १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो. दिव्या-पंख्यासाठी बसवलेला लहान सॉकेट सहाचा. तीन पिनांचा मोठा प्लग त्यात बसत नाही, म्हणून प्लग कापून उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी भोकांत खोचल्या जातात. तिसरी वायर मागे दुमडून ठेवली जाते. अभियंत्यांच्या तीन पिढ्यांनी जिच्यासाठी डोके खपवले, ती वायर इथे निरुपयोगी शेपटी ठरते.

फ्यूज होता ना, असा प्रश्न येईल. होता, चिनी मातीच्या खाचेतला, जळाला की घरीच तार भरायचा. पण फ्यूज घर जाळण्यापासून वाचवतो, माणसाला नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वयंसेवकांवर प्रयोग करून ठरवले, की हातातली विजेची वस्तू सोडून देण्याची शक्ती पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास संपते. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. सहा अँपिअरचा फ्यूज म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसातून याच्या विसाव्या भागाएवढी वीज गेली तरी प्राण जातो, आणि फ्यूजला त्याची वार्ताही नसते. डालझील यांनी १९६१ मध्ये यावर जे उपकरण सिद्ध केले त्याचे तत्त्व वाण्याच्या हिशेबाचे आहे : फेजमधून जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. नाही आली, तर मधल्या मध्ये कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली आहे. तत्काळ बंद करा. आज घरात बसवायच्या अशा यंत्राची, ‘आरसीसीबी’ची, नेहमीची मर्यादा ३० मिलिअँपिअर असते आणि ते सेकंदाच्या अल्पांशात तुटते. नव्या इमारतींच्या पेटीत ते असते. त्यावरचे ‘टेस्ट’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबायचे असते.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत पुढे ६१-अ हा नियम जोडण्यात आला आणि वीजगळती तोडणारे यंत्र बंधनकारक झाले. त्यात सूट होती ती पाच किलोवॅटच्या आतील जोडण्यांना. कारखाना, मोठी इमारत, बंगला यांना संरक्षण. एका खोलीला नाही. सूट देताना खर्चाचा विचार झाला असणार आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. पण ज्याच्याकडे गीझर आहे तो त्या नियमाच्या आत आणि ज्याच्याकडे बादली व रॉड आहे तो बाहेर, ही रेघ विजेच्या धोक्याप्रमाणे ओढलेली नव्हती, हे मान्य करावे लागते.

लातूरच्या मातीचाही या इतिहासात हात आहे. इथली काळी माती ओली असेतो विजेला चांगली वाट देते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील पत्रा मातीपासून सुटतो. खाली काळा पाषाण. म्हणून जुने वायरमन खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरून त्यावर पाणी ओतायला सांगत. समजा, कोरड्या खड्ड्याचा रोध २० ओहमवर गेला. मग गळती झाल्यावर जमिनीत जाणारी वीज भरते जेमतेम साडेअकरा अँपिअर. सोळाचा फ्यूज जळत नाही, नळी जिवंत राहते, आणि घरमालक समाधानाने सांगतो की अर्थिंग आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांना प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आले. एप्रिलमधील पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचा आदेश होता. त्या वर्षी अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी बादलीभर पाणी ओतले असेल, अशी कल्पनाही करवत नाही.

त्याच टंचाईने बोअर खोल खोल नेले. बोअरचे जड पाणी तापले की क्षार नळीवर पांढऱ्या पापुद्र्याने बसतात. पापुद्रा उष्णता अडवतो, आतली तार प्रमाणाबाहेर तापते, नळीला केसाएवढी चीर जाते. बाहेरून रॉड जुना, पांढुरका, ‘अजून चालतोय’ असा दिसतो. भारनियमनाच्या वर्षांत याला आणखी एक जोड मिळाली : पहाटे रॉड लावला, लाईट गेली, बटण चालूच राहिले, बादलीतले पाणी कोणी काढून घेतले, आणि लाईट आली तेव्हा रॉड कोरडा होता.

गंमत अशी, की या नळीचे सर्वांत चिकित्सक वापरकर्ते जगाच्या दुसऱ्या टोकाला आहेत आणि ते अंघोळीचे पाणी तापवत नाहीत. इंग्लंडमध्ये घरी बिअर गाळण्यावरचा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्याची बंदी उठली. त्यानंतर हौशी लोकांनी स्टीलच्या पिंपाला भोक पाडून त्यात हीच नळी बसवायला आरंभ केला. पिंपाच्या भोकाशी रबरी वायसर, बाहेर आलेल्या टोकांवर पाणी न शिरणारी बंद डबी, पिंपाच्या धातूलाच पक्की अर्थिंग, आणि मागे गळती तोडणारे यंत्र. यांतले एकही वगळू नये, हा त्यांच्यात जणू धर्म झाला आहे. माल्टचा गोड रस नळीला करपू नये म्हणून ते तेवढ्याच वॅटची पण लांब नळी निवडतात. हौस परवडते तिथे सुरक्षिततेलाही वेळ मिळतो.

महाराष्ट्रात या हौसेला वाव नाही. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा मराठवाड्याला आरंभी लागू नव्हता, कारण तेव्हा इथे हैदराबादचा आबकारी कायदा होता आणि मोहाची दारू व शिंदी यांवरचे उत्पन्न हा संस्थानाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. १९५९ मध्ये मुंबईचा कायदा इकडे आला आणि विनापरवाना गाळणे गुन्हा ठरले. नांदेडच्या किनवट-माहूरच्या रानात मोह आजही फुलतो. पण हातभट्टीला विजेची नळी कधी लागली नाही. लपून करायच्या कामाला वीजमीटर सोयीचा नसतो. त्यामुळे पाण्याच्या भांड्यात वीज कशी बसवावी, याचा जो घरगुती अनुभव तिकडे दोन पिढ्यांत साठत गेला, तो इकडे साठण्याचे कारणच उरले नाही. इथे नळी आली ती तयार, मुठीत बंद, आणि आत काय आहे हे कोणी न सांगता.

२० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला १५०० वॅटच्या रॉडला सुमारे तेवीस मिनिटे लागतात. अपघात बहुधा या तेविसाव्या मिनिटाला घडतो. पाणी तापले का हे पाहायला हात बादलीत जातो. प्लॅस्टिकच्या बादलीत नळी चिरलेली असली तरी तोवर काहीच कळलेले नसते, कारण विजेला जमिनीकडे वाटच नव्हती. ती वाट हात घालणारा माणूस स्वतः होतो. लोखंडी बादली ओल्या फरशीवर असेल तर बादलीला हात लागला तरी पुरते. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग नळी बाहेर, आणि मगच हात, हा क्रम त्यासाठी आहे. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कित्येकदा फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले सापडते. अशा घरात बटण बंद असतानाही नळी फेजलाच जोडलेली राहते.

आणि ती ओल शोषणारी भुकटी. फेब्रुवारीत थंडी संपली की रॉड पेटीत जातो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमट हवेत पडून राहतो. मुठीचा लेप तडकलेला असेल, तर त्या चार महिन्यांत ओल टोकांतून हळूहळू आत उतरते. वायरमनकडे मेगर नावाचे यंत्र असते. नळीचे आवरण आणि आतली तार यांच्यात वीज पाझरते का, हे त्याने अर्ध्या मिनिटात कळते. लातूरमध्ये दिवाळीनंतर मोटार भरणाऱ्या कोणत्याही दुकानात ते मिळेल. पण मोटार घेऊन जाणारे लोक पुष्कळ असतात आणि रॉड घेऊन जाणारे जवळजवळ नसतात. थंडीच्या पहिल्या पहाटे तो पेटीतून निघतो तो थेट बादलीत जातो.